न चाखलेले झिंगे

आमच्याकडे मासोळी स्वयंपाकघरात शिजत नसे. तिची कढई आणि पळी अंगणातल्या मोरीजवळ वेगळी असायची. गोव्यातल्या हॉटेलात आचारी असलेला माझा भाऊ टीबी घेऊन सिंदीला परत आला, तेव्हा आईने त्याचं ताट-पेलाही तिथेच नेऊन ठेवलं. आईला कोणी अडवलं नाही. मीही नाही.

एका रविवारी त्याने नागपूरहून बर्फातले झिंगे मागवले. अंगणातल्या चुलीवर भरपूर लोणी पातळ केलं, त्यात लसूण लाल केला, भिवापुरी मिरचीची भरड टाकली. ठसका लागून तो तोंड फिरवून खोकला, मग झिंगे त्यात सोडले आणि लिंबू पिळलं.

"तू आंधी काढून घे," तो म्हणाला. "मी चाखलं नाई अजून."

मी वाटी भरून लांब पायरीवर जाऊन बसले. पहिल्याच घासाला कळलं, मीठच पडलं नव्हतं.

"कसं झालं?"

मीठ नाही म्हटलं असतं, तर ते घेऊन त्याच्याजवळ जावं लागलं असतं.

"मस्त," मी तिथूनच म्हणाले.

मग त्याने आपलं ताट ओढलं, एक घास घेतला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.