साखरेच्या डब्यावर एक रबरबँड

माझे सासरे पुस्तकांच्या सूची करायचे. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी कोणतं नाव कोणत्या पानावर आलंय ते दिलेलं असतं ना, ते काम. चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. घरात त्यांचा एकच कायदा, त्यांच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा तेच पुसणार. चहा नेला तर कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवायचा आणि आल्या पावली मागं फिरायचं. अठरा वर्षं मी त्या घरात आहे, पण त्या स्क्रीनची पुढची बाजू काही मला दिसली नव्हती.

गेल्या वर्षी त्यांनी एक नवंच खूळ काढलं. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांना रबरबँड चढवायला लागले. साखरेला एक, मिठाला दोन, चहा पावडरीला तीन. मी काढून फेकायची, ते पुन्हा चढवायचे. "बाबा, डबे माझे आहेत," असं मी तोंडावर सांगूनही पाहिलं. ते नुसते हूं म्हणाले. मग माझंही डोकं फिरलं. एक दिवस खोडी काढायची म्हणून मी साखरेला दोन आणि मिठाला एक करून ठेवलं.

दुपारी नणंद आली होती. बाबांनी स्वतःचा चहा स्वतः केला आणि पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड कसनुसं झालं. आम्ही दोघी हसून हसून लोळलो. त्यांनी सगळा कप संपवला, विसळून ठेवला आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी हातातलं एका मोठ्या कोशाचं काम त्यांनी अर्ध्यात प्रकाशकाला परत पाठवलं. "आता पुरे झालं," एवढंच म्हणाले. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, सुटले एकदाचे.

परवा माझ्या लेकीचा लॅपटॉप बंद पडला, तर बाबा म्हणाले, "माझा कॉम्प्युटर घे. मला काय करायचाय आता?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या स्क्रीनसमोर बसले. बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि स्क्रीन काळा ठिक्कर. दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"पंखा फिरतोय म्हणजे जीव आहे वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला. वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत लावली. सुरू झाल्याचा आवाज आला, पण चित्र नाही. मग त्यानं पडदा ओढला आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला.

"इकडून बघा."

मी वाकले. काळ्या काचेत अगदी पुसट, फायलींच्या नावांच्या ओळीच्या ओळी होत्या.

"चित्र आहे, त्याला उजेड देणारा मागचा दिवा गेलाय. हा काही एका दिवसात जात नाही. वर्ष-दीड वर्ष मंद मंद होत आला असणार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"काय मंद होत आलं?" बाबा दारात उभे होते.

"स्क्रीन, काका."

"स्क्रीन?"

"मग दुसरं काय?"

बाबा खाली स्टुलावर बसले. "मला वाटलं माझे डोळे चालले. माझ्या आईचं असंच झालं होतं. आधी खोलीतलं दिसेना. उन्हातलं पुष्कळ दिवस दिसायचं, मग तेही गेलं."

"अहो, मग डॉक्टरला का नाही दाखवलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तो हो म्हणाला असता तर?"

दुरुस्तीवाल्यानं आपल्या गाडीतला दुसरा मॉनिटर आणून जोडला. लख्ख उजेड पडला. बाबा पुढं सरकले, सगळ्यात बारीक ओळ त्यांनी वाचली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिथं उभं राहवेना.

"आंधळं व्हायचा सराव करत होतो मी," ते वाचता वाचता मला म्हणाले. "ते रबरबँड, डोळे मिटून चहा करायचा. डोळे गेले तरी हात साथ देतील, याच भरवशावर काम रेटत होतो. पण एकदा हातही चुकले. चहात मीठ पडलं, आठवतं? त्या दिवशी धीर सुटला."

दुरुस्तीवाला पेचकस गोळा करत होता. मी बाबांच्या जवळ गेले.

"तुम्ही चुकला नव्हतात, बाबा. रबरबँड मी बदलले होते."

ते वळले आणि माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ, पापणीही न हलवता. यांना एवढं स्वच्छ दिसायला नको होतं, असं त्या क्षणी मला वाटून गेलं.