डेपोची गोळी आणि ताईचा तक्ता

सकाळचे साडेनऊ झाले असतील. अमरावतीतल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मी एका गिऱ्हाइकासाठी पट्टीतून चार गोळ्या कापत होतो, तेव्हा अकोल्याहून सलमाभाभींचा फोन आला. माझ्या थोरल्या बहिणीच्या, शोभाताईच्या घराला लागूनच त्यांचं घर. "भाईजान, आपा उठ नहीं रही हैं… और डेपो किसी को पलंग के पास आने नहीं दे रहा," एवढंच त्या बोलल्या. डेपो म्हणजे ताईचा कुत्रा. ताई झोपेतच गेली होती. हृदयाचं दुखणं होतं, ऑपरेशन ठरलं होतं आणि ते एकदा पुढे ढकललं गेलं होतं. कुत्र्यापायी ढकललं, असं आमच्या नात्यात सगळे मानतात. अंत्यविधीला आलेल्या माणसांनीही तेच म्हटलं आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते कुत्र्यापायी नव्हतं, माझ्यापायी होतं. सहा आठवडे झाले, आता तरी ते लिहायला हवं.

ताई अकोल्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. माइकवरचा तिचा आवाज जुन्या प्रवाशांना अजून आठवत असेल. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी गाड्या धुतात त्या जागेमागे तिला एक पिल्लू सापडलं, ते ती पदरात गुंडाळून घरी घेऊन आली आणि त्याचं नाव डेपो ठेवलं. मी हसलो, तर म्हणाली, "हासून काय राहिला बंडू? जिथं जलमला तेच नाव देलं. तुह्यं नाव ठेवतानी तुले इचारलं होतं का कोनं?"

दोन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीतला डीजे तिच्या दारासमोर अर्धा तास थांबला. त्या दिवसापासून डेपो बिथरला. ताई भाजी आणायला बाहेर पडली तरी तो दार खरवडायचा, नखांतून रक्त येईपर्यंत. निघताना ती त्याच्यासमोर बसून स्टँडवरच्या आवाजात गावं म्हणायची… बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. मूर्तिजापूर येईपर्यंत तो पाय पसरून खाली बसायचा. पण दार लागलं की पुन्हा तेच. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी भीतीवरची गोळी सुरू केली, त्याला थोडं थोडं एकटं ठेवायची सवय कशी लावायची तेही शिकवलं. वर्षभर बरं चाललं. पुढे मात्र तो दिवसभर गुंगीत पडून राहू लागला, जेवण सोडू लागला. डॉक्टरीणबाईंनी औषध बदलायचं ठरवलं.

नेमकं त्याच सुमारास ताईच्या हृदयाचं निघालं आणि अमरावतीत ऑपरेशनची तारीख मिळाली. "डेपोले माह्याकडे ठेव," मी म्हटलं. मला आनंदच होता. आयुष्यभर तिनंच माझं केलं होतं. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी, त्याला आमच्या घराची सवय व्हावी म्हणून, ती त्याला घेऊन आली. सोबत दोन्ही औषधांच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्यावर आखलेला तक्ता होता, अगदी गाड्यांच्या वेळापत्रकासारखा. तारीख, जुनी गोळी किती, नवी किती, खाल्लं का, झोपला का, वेळ, आणि शेवटचा रकाना, कोणी दिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिनं त्यात उतरवलं होतं. जुनी गोळी आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायची, मग काही दिवस काहीच द्यायचं नाही, मग नवी, तीही थोडक्या मात्रेपासून. मधे काही बिघडलं तर आपल्या मनानं काही न करता फोन करायचा.

"कुत्र्याच्या गोळीले एवढं मोठं टाइमटेबल?" मी म्हणालो.

"फलाटावरची गाडी निघाल्याबिगर दुसरी लावत नाई आमी," ती म्हणाली. "लावली त कोन खाली येईन सांगता येत नाई."

ती दुसऱ्या दिवशी घर आवरायला अकोल्याला परत गेली.

मेडिकलवाल्याची एक खोड असते, ती मी इथे सांगतो. गिऱ्हाईक मागतं ते औषध नसलं की आम्ही दुसरं पुढे करतो आणि म्हणतो, "ते नाही, पण तेच आहे." बहुतेक वेळा ते खरंही असतं, आत तेच औषध असतं, फक्त कंपनी वेगळी. तीस वर्षं हे वाक्य म्हणून म्हणून ते माझ्या डोक्यात पार मुरलं होतं. जुनी गोळी निम्म्यावर आली आणि डेपो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला, दाराशी कण्हू लागला. माझी बायको कंटाळली, वरच्या मजल्यावरून तक्रार आली. मला त्याची दयाही येत होती. मी विचार केला, ही भीतीची, तीही भीतीचीच, मग मधले दिवस कशाला तळमळवायचं त्याला? तक्त्यात नवी सुरू व्हायला अजून दीड आठवडा होता. मी एका सकाळी नवीची पूर्ण कॅप्सूल भाकरीच्या कुस्कऱ्यात घालून दिली. संध्याकाळी तो शांत झाला नाही, म्हणून जुनी अर्धीही दिली. तक्त्यात मात्र लिहिलं, जुनी अर्धी, नवी नाही.

सकाळी तो उभा राहू शकत नव्हता. अंग थरथरत होतं, तापलं होतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, दोनदा उलटी झाली. मी त्याला उचलून इथल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय काय दिलं?"

"तक्त्याप्रमाणेच," मी म्हणालो, आणि तक्ता पुढे केला.

का खोटं बोललो? तीस वर्षांचा केमिस्ट म्हणून लाज वाटली… दुसरं काही कारण नाही. डॉक्टर दोन-अडीच तास विषबाधेचा, मेंदूच्या तापाचा विचार करत राहिले. माझा फोन गेल्यावर ताई दहाच्या गाडीनं निघाली आणि थेट दवाखान्यात आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली, दोन्ही पट्ट्या काढल्या, त्या तक्त्याशेजारी धरल्या. नवीच्या पट्टीतलं एक घर रिकामं होतं. तिनं ते डॉक्टरांना दाखवलं. मग मला म्हणाली, "दुकानातही लोकाइले असंच देतं का रे तू?"

डॉक्टरांनी लगेच अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, उपचार बदलले. नंतर त्यांनी शांतपणे समजावलं, की दोन्ही औषधं मेंदूत एकाच वाटेनं काम करतात. पहिल्याचा अंमल उतरायच्या आत दुसरं दिलं की दोन्हींचा भार एकदम पडतो. "वेळेवर कळलं म्हणून निभावलं," ते म्हणाले. ते मी सांगितलं नव्हतं, ताईनं दाखवलं होतं.

तीन दिवसांनी डेपो जेवला. ताईनं ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आणि त्याला घेऊन अकोल्याला गेली. मी विनवण्या केल्या. "नवी गोळी बसू दे त्याले, मंग पाहू," एवढंच ती म्हणाली. सगळं पहिल्यापासून सुरू झालं, आता डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली. नव्या औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, ते तिनं धीरानं मोजले. नवी तारीख ठरली. त्याच्या आठ दिवस आधी तिनं मला बोलावून घेतलं. डेपो दाराशी पसरला होता, आणि ती शेजारी साखर मागायला जाऊन आली तरी उठला नाही. ते मला दाखवताना तिचा चेहरा फुलला होता. मग तिनं दह्याची वाटी आणि कॅप्सूल माझ्यापुढे सरकवली. "हात धू, मंग दे." मी दिली. ती बघत राहिली. ही परीक्षा आहे की शिक्षा, मला कळलं नाही. चार दिवसांनी सलमाभाभींचा फोन आला.

तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मला वाटलं नाही.

डेपो आता माझ्याकडे आहे. दुकानात ते वाक्य मी म्हणत नाही. नसलं की नाही म्हणतो, किंवा डॉक्टरला विचारून या म्हणतो. सकाळी निघताना डेपोसमोर बसून गावं म्हणतो. माझा आवाज तिच्यासारखा नाही. बडनेरा येतं तरी तो उभाच असतो, कान टवकारून माझ्या मागच्या दाराकडे बघत… मग कधीतरी बसतो.

तिसऱ्या दिवशी घर आवरताना नवा तक्ता तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेला सापडला. शेवटच्या रकान्यात रोज तिचंच नाव, फक्त एका दिवशी, मी दिली त्या दिवशी, बंडू. मी तक्ता उलटला. पाठीमागे ऑपरेशनच्या दिवसापासूनचे पंधरा दिवस तिनं आधीच आखून ठेवले होते. वेळ रिकामी, खाल्लं का रिकामं, झोपला का रिकामं. शेवटचा रकाना मात्र भरलेला होता. पंधराही ओळींत, तिच्या टपोऱ्या अक्षरात, बंडू.

ते पंधरा दिवस मी फक्त वेळा भरल्या. आता ते संपलेत. पुढच्या ओळी मी पट्टीनं आखल्या आहेत, आणि तिथे माझं नाव मला रोज लिहावं लागतं.