लाल दोऱ्याचा फेरा

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी हळवा होऊन काहीबाही लिहितोय असं कुणाला वाटायला नको.

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी वाचायचो ते हसायला. माझे वडील, अण्णा, बार्शीत शिंपी. त्यांच्या हाताखाली शिकलो, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला येऊन मार्केटमधल्या एका टेबलापासून सुरुवात केली आणि आज स्वतःचं अल्टरेशनचं दुकान चालवतो. बोटांना लागतं तेवढंच खरं, असा माझा हिशेब. भूतखेत कधी मानलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी बायको स्मिता लेकीकडे बेलफास्टला गेलो होतो. जुई तिथे इंग्लिश साहित्य शिकते. ती आम्हाला टायरोन काउंटीतल्या एका खेड्यात घेऊन गेली. तिथे एका आयरिश कवीचं सेंटर आहे... जुन्या शाळेची दगडी इमारत, भोवती मेंढ्या आणि चिखल. कवीचं आणि गावाचं नाव देत नाही. ती माणसं माझ्याशी चांगलीच वागली, त्यांना त्रास नको.

तिघांचं मिळून तिकिटात काही कमी होईल का, असं मी विचारलं. काउंटरवर एक वयस्कर व्हॉलंटियर होती, तिला मोरीन म्हणू. ती गोड हसून नाही म्हणाली. जुई पुटपुटली, "बाबा, प्लीज. ही मंडई नाहीये."

आत कवीच्या वर्गात त्याचा बाक ठेवलाय, आणि खुंटीवर एक जाड लोकरी ओव्हरकोट. कवीचा नव्हे, तसाच दिसणारा कुणाचा तरी जुना. लोकांनी अंगात घालून फोटो काढावेत म्हणून. मी घातला. मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. जुईने फोटो काढला, त्यात ते स्वच्छ दिसतं.

सूट मागायला मला मुद्दा मिळाला! कोट खुंटीला अडकवला आणि काउंटरवर गेलो. स्मिता आणि जुई पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून कविता ऐकायला बसल्या होत्या. त्या दुपारी आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि वर्गाला दार एकच — काउंटरच्या अगदी समोर. बटण सैल आहे हे मोरीनने लगेच मान्य केलं. ते बटण आठवडाभर लोंबतंय, म्हणाली, घरून सुईदोरा आणायचा रोज विसरते. दाखवा म्हणून माझ्याबरोबर आत आली.

बटण घट्ट बसलेलं होतं.

तिने ओढून पाहिलं आणि खळखळून हसली. तुम्ही शिंपी आहात हे आधी सांगायचं ना, म्हणाली, आता चहा आमच्याकडून. मी बटण उलटं करून बघत होतो.

आता हे नीट वाचा. बार्शीत लोक दुसरीकडे लावलेलं, सैल झालेलं बटण घेऊन अण्णांकडे यायचे आणि तुम्हीच लावलं होतं, फुकट लावून द्या म्हणून हुज्जत घालायचे. म्हणून अण्णा बटणाच्या मानेला, म्हणजे बटण आणि कापड यांच्यामधल्या टाक्यांना, दोरा गुंडाळताना सगळ्यात आत लाल दोऱ्याचा एक फेरा द्यायचे. वरून दिसत नाही, नखाने सरकवला तरच दिसतो. ही खूण त्यांना, दादाला आणि मला, एवढ्यांनाच माहीत. लग्नानंतर स्मिताला मी सांगितली.

मी नख लावलं. लाल दोरा होता...

तोवर स्मिता आणि जुई आत आल्या होत्या, आणि जुई फोनमधला फोटो बघत होती. "बाबा, हे बटण तर लूज होतं ना?"

स्मिताने वाकून लाल दोरा पाहिला. "अण्णांना फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता."

चहा तसाच टाकून मी कार पार्कमध्ये आलो. रेंज येईना. मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत चालत गेलो तेव्हा अण्णांचा मोबाइल लागला. बराच वेळ वाजला आणि दादाने उचलला.

"अण्णा कसे आहेत?"

"मजेत. आत्ताच जेवून झोपले."

"इतक्या लवकर?"

"हल्ली लवकर झोपतात."

उठव म्हटलं, दोन शब्द बोलतो. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाची झोप कशाला मोडतोस, रविवारी बोल. मागे कुणीतरी जोरात खोकत होतं. मी विचारलं, तर टीव्ही आहे म्हणाला.

त्या रात्री आणि पुढच्याही रात्री मी झोपलो नाही. तिकिटाचं पान उघडायचो, बंद करायचो. स्मिता जाऊन या म्हणत होती. पण सख्खा भाऊ मजेत आहेत म्हणतो, तर एका बटणापायी विमान पकडायचं? रविवारपर्यंत वाट बघावी लागलीच नाही. शनिवारी पहाटे फोन आला. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांना लकवा होऊन तीन आठवडे झाले होते, उजवा हात गेलेला. मला कळवायचं नाही अशी दादाची सगळ्यांना ताकीद होती. "आणि भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात सारखी सुई मागत होते. सुई कशी देणार? मी नुसता दोरा दिला. त्याच मेलेल्या हाताने चादरीवर कितीतरी वेळ शिवत बसले. मग म्हणाले, लागलं, आता धाकट्याला बोलवा. आणि तेवढ्यात तुमचा फोन वाजला."

दोरा कुठल्या रंगाचा होता हे मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

मला का कळवलं नाहीस म्हणून दादाला विचारलं, तर पाहुण्यांसमोर हसत म्हणाला, "तू आला असतास तर डॉक्टरांशीही घासाघीस केली असतीस." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं.

मोरीनला मी दोनदा फोन केला. बटण अजून घट्ट आहे. ते कुणी लावलं, कसं लावलं, मला कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, मी हसणार नाही.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस जिवंत आहे आणि हा ग्रुप वाचतो. दादा, फोन तुझ्या हातात होता. त्यात माझा आवाज होता, आणि अण्णा समोर जागे होते. फोन ठेवल्यावर त्यांनी तुझ्याकडे पाहिलं असेल. मी येतोय की नाही, हे तू त्यांना काय सांगितलंस?

इथे लिही. सगळ्यांसमोर.