कुंवरपुऱ्याच्या तळ्यावर विद्याधरजी

झाशीत मुलांना मासे धरायला कुठं न्यावं, हे विचारायचं तर विद्याधरजींना विचारायचं, अशी सदर बाजारात एक रीतच पडून गेली होती. विद्याधरजी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. घराणं दतिया गेटजवळचं, भिक्षुकीचं. पूर्वज कधीतरी कोकणातून पूजा सांगायला आले आणि परत जायचं विसरले. घरात मासळीचं नाव काढलं तरी पत्नी कमलिनीकाकू खिडक्या उघडत. पण विद्याधरजींचं गळ-गांडूळ या विषयावरचं प्रवचन ऐकावं तर चहाच्या टपरीवर.

"पारीछाच्या धरणावर वारा फार, मुलांच्या टोप्या उडतात. बरुआसागरच्या तळ्याला सावली बरी, पण पिकनिकवाले गाणी लावतात, मासे घाबरतात. मुलांसाठी जागा कशी पाहिजे? काठ उतरता, झाड मोठं, जवळ हातपंप, आणि आईला बसायला सपाट दगड. आई कंटाळली की सगळे घरी!"

ऐकणारे माना डोलवत. कुणी वहीत लिहून घेई. कुणाच्या मनातही येत नसे की हा माणूस यातल्या एकाही काठावर कधी उभा राहिलेला नाही.

कारण विद्याधरजींना पाण्याची भीती होती. साधीसुधी नव्हे. लहानपणी ओरछ्याला मामानं लाडानं बेतवा नदीत बुचकळून काढलं, तेव्हापासून तांब्यापेक्षा मोठ्या पाण्याशी त्यांनी संबंध ठेवला नाही. बादली भरून वाहू लागली की ते न्हाणीघराबाहेर येत. सगळी तळी त्यांनी पाहिली ती बसच्या खिडकीतून, आणि तीही पलीकडच्या बाजूला बसून. बाकी माहिती कचेरीतल्या गप्पांतून गोळा केलेली. भित्रा माणूस धोक्याची चौकशी फार बारकाईनं करतो, म्हणून ती सहसा खरी निघे. एवढ्यावर त्यांची कीर्ती उभी होती.

त्या शनिवारी संध्याकाळी टपरीवर सुबोध मुलीचं बोट धरून आला. सुबोध मालवणचा, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. बायको देविका, मुलगी प्रांजली. मुलगी पहिलीत, मराठी कळतं पण बोलायचं म्हटलं की हिंदीत.

"काका, हिच्या वयाचा होतो तेव्हा मी खाडीत दिवसभर पडून असायचो. आणि हिला मासा म्हणजे शाळेच्या भिंतीवरचं चित्र! उद्याच नेतो हिला, जागा सांगा एखादी."

विद्याधरजींनी कपातला शेवटचा घोट घेतला. "कुंवरपुऱ्याचं तळं. पुढं घाट आहे. शेवटच्या पायरीवरनं उतरलं की चांगलं अंगणभर गुडघ्याएवढं पाणी. पोरीला बेलाशक सोड पाण्यात."

"पक्कं ना?"

"अरे, आपण सांगतोय!"

रविवारी सकाळी विद्याधरजी ओसरीवर चहा पीत होते. दारात दूधवाला दुर्गा माप ओतत होता, आणि काकू आपल्या गुलाबाचं कौतुक करत होत्या. "दुर्गा भैया, तुम्ही आणलेल्या मातीनं कमाल केली. एकेक फूल वाटीएवढं!"

"काए न हुइए, अम्मा? कुंवरपुरा के ताल की गाद है," दुर्गा म्हणाला. "गरमी में मशीन लगी हती, घाट के ऐन सामने से खोदी। सब गाँव खेतन में डारबे लै गओ। अब उतै हाथी डूब जाए।"

विद्याधरजींनी कप खाली ठेवला.

"घाटासमोरून गाळ काढला? हत्ती बुडेल इतका? कुठल्या घाटासमोरून?"

"एकई तो घाट है, बाबूजी।"

काकू वळून पाहतात तो नवऱ्याचा चेहरा दुधासारखा झालेला. "अहो, काय झालं?"

"पोरगी," ते म्हणाले. एवढंच.

त्यांनी सुबोधला फोन लावला. एक गोड बाई म्हणाली की ज्यांच्याशी आपण बोलू इच्छिता ते पहुँच से बाहर आहेत. पुन्हा लावला. बाईचा गोडवा तसूभर कमी झाला नाही. विद्याधरजींनी हेल्मेट डोक्यावर घातलं, तेही आधी उलटं, आणि स्कूटर बाहेर काढली.

विद्याधरजींची स्कूटर म्हणजे झाशीतली एक शांत गोष्ट होती. तिला सायकलवाले मागून घंटी देत. त्या सकाळी दतिया गेटाच्या बाजारातून ती अशी गेली की भाजीवालीनं टोपली उचलून छातीशी धरली. "काए, आग लग गई का, बाबूजी?" असं कुणी तरी ओरडलं. विद्याधरजींना काही ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढं फक्त एक पायरी होती, शेवटची, आणि तिच्यावर एक छोटं पाऊल. पायरीच्या पुढं त्यांना मामाचा हात दिसे, हिरवं पाणी दिसे, नाकातोंडात गेलेला तो अंधार दिसे. बेलाशक सोड पाण्यात. हे शब्द आपल्याच तोंडून निघाले होते, आणि वर चहाचा घोट घेऊन.

वाटेत गाडीला काही होऊ नये म्हणून त्यांनी कुलदेवतेला नवस बोलला. मग एका देवीवर भागेल असं वाटेना, म्हणून रस्त्यातल्या प्रत्येक मारुतीला बोलत गेले.

तळ्याच्या बांधावर पोचले तेव्हा सगळं अगदी त्यांनी टपरीवर वर्णन केल्यासारखं होतं. मोठं जांभळीचं झाड, हातपंप, सपाट दगडावर डबा उघडून बसलेली देविका. घाटापासून बऱ्याच अंतरावर, बांधावर, गळ धरून सुबोध. दोरी पाण्यातल्या शिंगाड्याच्या वेलीत अडकली होती, ती तो ओढत होता. आणि घाटाच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर, फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून, प्रांजली. पप्पांची दोरी सोडवायला निघालेली.

"थांब!" विद्याधरजी ओरडले.

आवाज हेल्मेटच्या आत घुमला आणि तिथंच राहिला. काच उघडायचं सुचलं नाही. त्यांनी दोन्ही हात हलवले. सुबोधनं वर पाहिलं आणि तोही आनंदानं हात हलवू लागला.

"अरे, काका आले! प्रांजली, बघ कोण आलं! उतर, उतर, घाबरू नको. आजोबांनीच सांगितलंय, गुडघ्याएवढंच आहे!"

मुलीनं मागं पाहून दात पडलेलं हसू दिलं, आणि शेवटच्या पायरीवर आली.

विद्याधरजी धावले. आयुष्यात पाण्याच्या दिशेनं ते कधी धावले नव्हते. पाय तिकडं जायला तयार नव्हते, पण पायऱ्या उताराच्या होत्या आणि शेवाळलेल्या होत्या, त्यामुळं पायांचं कुणी विचारलं नाही. मुलीनं पाऊल उचललं. विद्याधरजींच्या मुठीत फ्रॉकची मागची गाठ आली. त्यांनी ती मागं ओढली, इतक्या जोरानं की प्रांजली पायरीवर धपकन बसली. त्या हिसक्यात ते स्वतः पुढं गेले. पाय टेकवायला तळ शोधला. तळ नव्हता.

हेल्मेट घागरीसारखं भरलं. आत जे काय चाललं होतं त्यात देवाचं नाव नव्हतं, मामाचं होतं. हातात शिंगाड्याची वेल आली, तुटली. दुसरी आली. वर कुठंतरी मुलीचं भोकाड ऐकू येत होतं, आणि तेवढाच एक चांगला आवाज होता जगात. रडतेय म्हणजे कोरडी आहे.

देविकानं बसायची चादर भिरकावली. सुबोध पोचला आणि दोघांनी मिळून त्यांना पायरीवर ओढलं. हेल्मेट काढलं तर आतून एक शिंगाडा निघाला.

सुबोधनं मग गळाची काठी पायरीपुढं पाण्यात घातली. काठी गेली. मनगट गेलं. कोपर गेलं. त्यानं हात बाहेर काढला आणि मुलीला उचलून छातीशी धरलं.

देविकानं विचारलं, "काका, तुम्ही यापूर्वी कधी इथं आला होतात?"

विद्याधरजींचे दात वाजत होते. "नाही."

"कधीच?"

"कुठंच नाही गं. मला पाण्याची भीती वाटते."

हातपंपावरच्या बायका पदराआड हसत होत्या. सुबोध उठला, घाटावरून खाली पाहिलं, पुन्हा बसला. देविकानं डब्यातलं थालीपीठ त्यांच्यापुढं सरकवलं. ते रागानं होतं की मायेनं, ते विद्याधरजींना कळलं नाही. त्यांनी खाल्लं.

"तो अब मछली नहीं पकड़ेंगे?" प्रांजलीनं डोळे पुसत विचारलं. "पप्पा, प्रॉमिस किया था!"

"घरी जायचं," सुबोध म्हणाला.

"घरी कशाला?" विद्याधरजी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. बोट करून त्यांनी पलीकडचा काठ दाखवला. गाळ न काढलेल्या उतारावर म्हशी उभ्या होत्या. "म्हशीचे गुडघे दिसतायत बघ. आणि काठावर बसूनच. पाण्यात नाही. पायाचं नखसुद्धा नाही."

मग दुपारभर कुंवरपुऱ्याच्या लोकांनी एक तमाशा पाहिला. काठापासून हातभर मागं एक मुलगी गळ धरून बसलेली. तिच्या मागं ओल्या कपड्यांचे एक बाबूजी, डोळे गच्च मिटलेले, मुठीत तिच्या फ्रॉकची गाठ. दोरीला जरा हिसका बसला की बाबूजी किंचाळत. मुलगी म्हणे, "आजोबा, डरो मत, छोटी है।" बोटाएवढी एक मासळी लागली, तेव्हा ती दाखवायला मुलगी उठली, तर बाबूजीही उठले. मुलीनं मासळी परत पाण्यात सोडली, तेव्हा तिच्याबरोबर वाकले. गाठ सुटली नाही.

संध्याकाळी विद्याधरजींना स्कूटरवर बसवेना. सुबोधनं त्यांची स्कूटर गावात एकाच्या अंगणात ठेवली, स्वतः गाडी चालवायला बसला, आणि ते देविकाशेजारी गाडीत मागं बसले. मधे प्रांजली झोपून गेली. सदर बाजारातल्या सुबोधच्या घरापुढं गाडी थांबली. देविका मुलीला उचलायला गेली तर मुलगी उचलली जाईना.

"काका," ती हळूच म्हणाली, "आता सोडा. घर आलं."

विद्याधरजींनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. रस्ता होता, दुकानं होती, पाणी कुठं नव्हतं. तरी त्यांनी मूठ उघडायला थोडा वेळ घेतला.