एक सूत जाडीचा पाईप

दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. आमचं एमटी सेक्शन, म्हणजे फौजेच्या लॉऱ्यांची तुकडी, पुण्याहून एक्सरसाइजला निघालं आणि भिगवणजवळ कॅम्प पडला. मी नाईक, गाव निरवांगी. लान्सनाईक सखाराम पणदऱ्याचा. घरं हाकेवर, पण सुट्टी नाही.

सखारामच्या लॉरीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला. इंजिनाचा जळका धूर गोळा करून मागं नेणारा तो बिडाचा भाग. स्पेअर नव्हता. दुसऱ्या दिवशी इंदापूरला कर्नलसाहेबांचं इन्स्पेक्शन होतं.

आमच्या सेक्शनचा अधिकारी जमादार म्हणाला, "बारामती जाओ. बनवा लो."

बारामतीचा मिस्त्री उसाच्या चरकांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडं पोलादी पाईप दोनच जाडीचे निघाले, अर्ध्या सुताचा आणि एका सुताचा; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सखारामनं जाड उचलला.

"आमच्या गुऱ्हाळावर ह्योच हाय दादा. पातळ लाल व्हऊन जळतोय."

मी म्हणालो, "आरं, गुऱ्हाळाचं इंजिन चौथऱ्यावर बसलंय. लॉरी उड्या मारती. एवढं वजन बोल्टांवर लोंबलं तर जोड फाटंल."

मिस्त्री म्हणाला, "जाडच घ्या, पर खालनं आधाराची पट्टी मारा."

पटलं. मिस्त्रीनं पाईप कापून जोडले, पट्टीही दिली. तिच्यासाठी चासीला भोकं पाडायची होती. कॅम्पवर ड्रिल हातात घेतलं तोच जमादार आला.

"पट्टी छोड़ो. पेंट मारो."

"सायेब, थोडा टाइम द्या," सखाराम म्हणाला.

"ऑर्डर है."

पट्टीला वेळ नव्हता, रंगाला होता. आम्ही मॅनिफोल्डला चंदेरी रंग मारला. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

सकाळी कॉन्व्हॉय निघाला. धुळीचा फुफाटा एवढा की सगळ्यांनी केबिनचे पडदे बांधून घेतले. सखारामच्या मागं माझी गाडी. इंदापूरच्या अलीकडं त्याची लॉरी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. मी हॉर्न दाबून धरला. त्याचा ब्रेक लागला नाही. लॉरी मोरीवरून खाली गेली. मी गाडी थांबवून खाली धावलो, पडदा फाडला तर केबिन धुरानं भरलेली. जोड फाटला होता. सखारामचा चेहरा धुराच्या विषानं होतो तसा लालबुंद, अंगावर कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. तो गेला होता.

इन्क्वायरीत मी फाटलेला जोड दाखवला, पट्टीचं सांगितलं. जमादार म्हणाला, ड्रायव्हर झोपला. इन्क्वायरीच्या साहेबांनी तेच लिहिलं. इन्स्पेक्शन चांगलं झालं, म्हणे.

सुट्टी मिळाल्यावर पणदऱ्याला मी गेलो. त्याची आई दारातच उभी होती.

"सखा खरंच झोपला व्हता का रं?"

"न्हाय आई. धुरानं मारलं त्याला."

"मग गावाला सांग की."

चावडीवर जाऊन सगळं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग पाटील म्हणाले, "व्हय बाबा, पर सरकार कशाला खोटं लिहील?"

सखारामच्या पुतण्यांना गावात आजही झोपाळूच्या घरातली पोरं म्हणतात. लान्सनाईक सखाराम, मुक्काम पणदरे, ड्यूटीवर झोपला नव्हता.