टॉवेल-टोपीचे भाडे

“मॅडम, हा क्लेम रिप्युडिएट करा,” सरनाईक साहेब म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. “गाडी भाड्याने दिली होती. स्वच्छ दिसतंय.”

रिप्युडिएट करणे म्हणजे नाकारणे. पत्रात हा शब्द फार सभ्य दिसतो. तो ज्याच्या घरी पोहोचतो त्याला मात्र तसा वाटत नाही.

परवा परदेशातून केलेल्या फोनवर तुम्ही सांगितलेत की, तिकडे तुम्ही अनोळखी माणसाची घरची गाडी मोबाइलवरून दोन दिवस भाड्याने घेता, किल्ली पेटीतून काढता आणि मालकाचे तोंडही पाहत नाही. मला धुळ्यातली ही फाइल आठवली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी तेव्हा एका विमा कंपनीत मोटर क्लेम्सचे टेबल सांभाळत होते. सरनाईक साहेब आमचे नवे मॅनेजर, मुंबईहून बदलून आलेले.

आधी नियम सांगते. खाजगी गाडीची पॉलिसी स्वस्त असते, टॅक्सीची महाग. म्हणून खाजगी पॉलिसीत एक कलम असते : गाडी ‘हायर ऑर रिवॉर्ड’साठी वापरायची नाही. हायर म्हणजे भाडे, रिवॉर्ड म्हणजे मोबदला. मोबदला घेऊन गाडी दिली आणि अपघात झाला, तर कंपनी पैसे देत नाही. नियम योग्य आहे. मी तो अनेकांना लावला आहे.

गाडी होती शिरपूरच्या डॉक्टर बागुलांची. पांढरी अँबेसेडर, सेकंडहँड. त्यांच्या गल्लीतली एकुलती एक मोटार. शेजारच्या हिंमत आबा पाटलांनी ती मुलीच्या लग्नासाठी मागून नेली. लग्न लागले. नवरानवरीला चोपड्याला सोडून गाडी रिकामी परत येत होती. रस्त्यात म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने तिला वाचवले आणि गाडी बाभळीवर घातली. ड्रायव्हरला खरचटले, म्हशीला काही झाले नाही, गाडीचा पुढचा भाग मात्र चेपून गेला.

कंपनीने चौकशीला धुमाळांना पाठवले. हे निवृत्त पोलीस अधिकारी, सरळ माणूस. त्यांनी हिंमत आबांचा जबाब आणला. जबाब वाचून मलाही क्लेम गेलाच असे वाटले. गाडीची टाकी भरून दिली, ड्रायव्हरला पैसे दिले, डॉक्टरांना टॉवेल-टोपी आणि नारळ, त्यांच्या पत्नीला लुगडे, वर शेंगांचे पोते. शेवटी वाक्य : ‘गाडी मी फुकट वापरलेली नाही.’ खाली आबांची ठळक सही.

मी साहेबांना म्हटले, “नाकारण्याआधी मला एकदा शिरपूरला जाऊन येऊ द्या.”

“जाऊन या. पण सही केलेला जबाब आहे, हे विसरू नका.”

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेले. दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांचे बहुतेक पेशंट सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतले. गाडी होती तेव्हा डॉक्टर बाजाराच्या दिवशी तिकडे जात. आता एस.टी. जिथपर्यंत जाई, तिथपर्यंतच डॉक्टर पोहोचत. गाडी दुरुस्त करायची ऐपत नव्हती. क्लेम नाकारला गेला असता तर ती गॅरेजमागेच गंजत पडली असती.

मी म्हटले, “डॉक्टर, तुम्ही एक खुलासा लिहून द्या. भाडं घेतलं नाही, टॉवेल-टोपी आहेर म्हणून मिळाली, एवढंच.”

“नाही लिहिणार.”

“का?”

त्यांनी स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, याच गल्लीतल्या लग्नांत माझ्या वडिलांना मांडवाबाहेर बसवायचे. जेवणही बाहेरच. या लग्नात आबांनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि पहिली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, सगळ्या भाऊबंदांसमोर. तुमची कंपनी तिला भाडं म्हणते. गाडी गेली तर जाऊ दे. त्या टोपीचा खुलासा मी देणार नाही.”

मी उठून आबांकडे गेले.

हिंमत आबा ओट्यावर शेंगा निवडत होते. मी कोण ते सांगताच उसळले. “तो सायेब माले इचारस, ‘गाडी फुकटच वापरली ना?’ मी फुकट्या शे का, ताई? मन्ही पोरनं लगन, आन् मी फुकट वापरसू?”

आता मला जबाब कळला. आबांना प्रश्नच अपमानाचा वाटला होता. म्हणून त्यांनी दिलेले सगळे मोजून दाखवले होते, आणि जरा वाढवूनही. आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “पोतं कसानं, पिशवी व्हती!” आबांनी तिकडे लक्ष दिले नाही.

“आबा, हे काही दिलं नसतं, तर डॉक्टरांनी गाडी दिली नसती?”

“का बरं नही देतीन? मागला साल हाई आजारी पडनी,” त्यांनी आतल्या पत्नीकडे मान वळवली, “तवय डाक्टरच गाडीम्हा टाकीसन धुळे लई ग्यात. तवय काय टोपी दिधी व्हती का मी?”

“मग लग्नातच का दिली?”

“लगन शे ना, ताई! लगनम्हा बठ्ठास्ले देतस. फोटोवालाले दिधी, बँडवालाले दिधी, तुमना त्या चौकशीवाला सायेबले बी दिधी.”

“धुमाळ साहेबांना?”

“मंग! टॉवेल उरेल व्हतात घरम्हा. दारशी उना मानूस, त्याले रिकामा हाते धाडू का?”

मी तिथेच आबांचा नवा जबाब घेतला, आजारपणाच्या वेळच्या गाडीसह. तो लिहून होईपर्यंत आतून माझ्यासाठी ब्लाउजपीस आला. मी हात जोडून नको म्हटले. आबा नाराज झाले. परतीच्या एस.टी.त मात्र मी एकटीच हसत होते, आणि कंडक्टर माझ्याकडे संशयाने बघत होता.

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. धुमाळ समोर बसले होते.

“धुमाळ साहेब, शिरपूरला तुमचा मान कसा झाला?” मी विचारले.

“मान? अहो, टोपी घातली म्हाताऱ्याने डोक्यावर. नको म्हणालो, तर ऐकेचना.”

“टॉवेल?”

“दिला.”

“शेंगा?”

“पिशवीभर. मिसेसने चटणी केली.”

“मग तुम्ही आबांकडे भाड्याने गेला होतात का?”

धुमाळांचा चेहरा लाल झाला. सरनाईक साहेबांनी आधी खोकल्यासारखे केले, मग सरळ हसायला लागले.

“मॅडम, मी खरं तेच लिहिलं,” धुमाळ म्हणाले.

“तुम्ही खरंच लिहिलंत. प्रश्न चुकला. खानदेशातल्या मुलीच्या बापाला ‘फुकट वापरली का’ असं विचारल्यावर तो हो म्हणेल कसा?”

साहेब सावरून बसले. “बरं, टोपी सोडा. पेट्रोलचं काय?”

“मागच्या महिन्यात आपला टायपिस्ट तुमची स्कूटर घेऊन गेला होता. टाकी भरून आणली. तुमची पॉलिसी रद्द करू?”

“माझ्या स्कूटरवर येऊ नका. हे ऑडिटला कसं सांगायचं?”

मी तयारीने गेले होते. “भाडं आधी ठरतं, सर, आणि ते मिळाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. इथे काहीच ठरलं नव्हतं. काय द्यायचं ते देणाऱ्याने आपल्या मनाने, लग्न लागल्यावर दिलं. आणि याच माणसासाठी हीच गाडी आजारपणात काही न घेता गेली होती. हा त्याचा जबाब. ऑडिटने विचारलं तर माझं नाव सांगा.”

साहेबांनी जबाब दोनदा वाचला. धुमाळांकडे पाहिले.

धुमाळ म्हणाले, “पास करा, साहेब. नाहीतर मला ती टोपी परत द्यावी लागेल.”

क्लेम पूर्ण पास झाला. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा डॉक्टर स्वतः ती चालवत धुळ्याला आले, आणि शेजारी बसले होते हिंमत आबा, कडक इस्त्रीची टोपी घालून. हातात पिशवी. पिशवीत आमच्या सगळ्या ऑफिससाठी टॉवेल-टोप्या.

“आबा, आम्हाला हे चालत नाही,” साहेब घाबरून म्हणाले.

“तुमले काहीच कसं चालत नही?” आबा म्हणाले. “गाडी दिधी तरी भाडं, मान करा तरी भाडं!”

शेवटी तडजोड मी केली. टोप्या पिशवीतच राहिल्या. नारळ तेवढा ठेवून घेतला, ऑफिसच्या पायरीवर फोडला आणि सगळ्यांना वाटला. सर्वांत मोठा तुकडा आबांना दिला, म्हणजे मोबदला कुणी घेतला हे ऑडिटलाही सांगता आले नसते. डॉक्टर पहिल्यांदा मोकळे हसले ते तेव्हा. मग गाडीत बसून ते थेट निघाले. त्या दिवशी डोंगराकडच्या गावांचा बाजार होता.

तुमच्या मोबाइलवरची पद्धत मला नावडती नाही. भाडे आधी ठरते, कुणावर उपकार राहत नाही. पण किल्ली पेटीतून काढण्याआधी पॉलिसीतले ते कलम वाचत जा. आणि कधी गाडीच्या मालकाची भेट झालीच, तर त्याला काय विचारायचे ते नीट ठरवून जा. माझ्या नोकरीत खोट्या उत्तरांनी जेवढे क्लेम बुडाले, तेवढेच चुकीच्या प्रश्नांनी बुडताना मी पाहिले आहेत.