मान डोलावणारी विश्वस्त

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आणि तिची धाकटी बहीण एका संस्थेच्या वसतिगृहात वाढल्या. अध्यक्षांनी एकदा पाहुण्यांच्या देखत धाकटीचं डोकं भादरायला लावलं होतं, उवा झाल्या म्हणून. थोरलीने ते मनात धरून ठेवलं.

पुढे देणगीदारांनी अट घातली की विश्वस्त मंडळावर कुणीतरी तरुण हवं. अध्यक्षांनी तिलाच घेतलं. "आपलीच पोर आहे, मान डोलावेल," असं ते सगळ्यांना सांगत.

तिने वर्षभर मान डोलावली, फोटोत हसली आणि अध्यक्षांवर नाराज असलेल्या एकेका विश्वस्ताला हळूहळू आपलंसं केलं.

अध्यक्षांच्या फेरनिवडीच्या वेळी विरोधात पहिला हात तिचा वर गेला. पाठोपाठ बाकीच्यांचेही हात वर गेले, आणि अध्यक्ष पडले.

"पोरी, आम्ही तुला लहानाची मोठी केली," ते म्हणाले.

"म्हणून तर मी तुम्हाला चांगली ओळखते, काका."

ते उठून निघाले. तिला जराही दया आली नाही. ते जिना उतरत असतानाच, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने ठराव मांडला: वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या आणखी दोन मुली मंडळावर घ्याव्यात, मताच्या हक्कासकट.